फुजीभोवतीचा एक दिवस : गाडी ठरवण्याआधी

टोकियोहून फुजीला खासगी गाडी करण्याचा खरा फायदा एकच. डोंगर दिसेल तसा ठिकाणांचा क्रम बदलता येतो. तरीही बरेच जण आठवडाभर आधीच मिनिटामिनिटाचं वेळापत्रक ड्रायव्हरला पाठवतात आणि मग ढगांत बुडालेल्या डोंगरासमोर ठरलेला पाऊण तास काढतात. वेळापत्रक नको, दोन याद्या करा. एकीत डोंगर दिसला तरच अर्थ असलेली ठिकाणं, दुसरीत तो नसला तरी बघण्यासारखी.

आधी वेळेचा हिशेब. टोकियो ते फुजीच्या पायथ्याचं कावागुचिको तळं साधारण १०० किलोमीटर, रस्ता मोकळा असला तर दोन तास. गाडी दहा तासांसाठी घेतली तर जाण्यायेण्याचे चार वजा जाऊन हातात सहा उरतात. पार्किंग, स्वच्छतागृह आणि फोटो धरून एका ठिकाणाला तासभर लागतोच. म्हणजे जेवण सोडून चार ठिकाणं, फार तर पाच. त्यात हाकोने हे गरम झऱ्यांचं गाव घुसवू नका. ते डोंगराच्या पलीकडे आग्नेयेला आहे, तिथे जाण्यातच तास-सव्वा तास जातो आणि वाऱ्यामुळे किंवा ज्वालामुखीच्या वायूंमुळे तिथल्या ओवाकुदानी या ज्वालामुखी दरीवरचा रोपवे बंद असला तर हाती काहीच लागत नाही. हाकोनेला वेगळा दिवस द्या.

आता उजेडाचं बघू, कारण क्रम त्यावरच ठरतो. यामानाकाको तळं डोंगराच्या पूर्वेकडे, म्हणून तिथून सकाळचं ऊन थेट डोंगरावर पडलेलं दिसतं. चुरेइतो पॅगोडा आणि कावागुचिको उत्तरेकडे. हिवाळ्यात दुपारी तिथून सूर्य समोर येतो आणि फोटोत डोंगर नुसता निळसर धुरकट उमटतो. मोतोसुको तळं वायव्येकडे असल्याने दुपारनंतरचं ऊन तिथे कामाचं, पण पाण्यातलं उलटं प्रतिबिंब हवं असेल तर वारा सुटायच्या आत, भल्या सकाळीच पोहोचावं लागतं. दोन्ही एकाच दिवसात जमत नाही. काय हवं ते आधी ठरवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोंगर सर्वांत जास्त स्वच्छ दिसतो. तिथल्या उन्हाळ्यात (जून ते ऑगस्ट) उतार तापले की दमट हवा वर चढते आणि बऱ्याचदा दहा-अकरापर्यंत शिखर झाकलं जातं. म्हणून सकाळी सहाला निघणं आणि आठला निघणं यात मोठा फरक पडतो. निघण्यापूर्वी तळ्यांकाठचे लाइव्ह कॅमेरे बघा. डोंगर मोकळा असेल तर वाटेत कुठेही न थांबता थेट चुरेइतो गाठा. तिथे ३९८ पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर शेजारच्या चढाच्या रस्त्याने जा, लांब पडतो पण पायऱ्या टळतात. एप्रिलच्या मध्यावर साकुरा, म्हणजे चेरी, फुलतो तेव्हा वरच्या कठड्यासाठी लांब रांग लागते. त्या दिवसांत या एका ठिकाणाला अडीच-तीन तास धरा, नाहीतर ते सोडून कावागुचिकोकाठच्या ओइशी पार्कला जा.

डोंगर दिसतच नसेल तर दुसरी यादी काढा. आओकिगाहारा जंगलातल्या नारुसावा आणि फुगाकु या गुहा ८६४ सालच्या उद्रेकातल्या लाव्हाने घडलेल्या आहेत. आत ऐन उन्हाळ्यातही हवा शून्याच्या जवळपास असते आणि पायऱ्या ओल्या असतात, तेव्हा जाकीट आणि न घसरणारे बूट हवेतच. नारुसावात एके ठिकाणी छत इतकं खाली येतं की जवळजवळ बसूनच पुढे सरकावं लागतं, पाठीवर सॅक असेल तर ती हमखास अडकते. साइको तळ्याकाठचं गवती छपरांचं गाव आणि ओशिनो हाक्काइची तळी ढगाळ दिवशीही पाहण्यासारखी आहेत.

गाडी ठरवताना नंबर प्लेटचा फोटो मागा. प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेल्या गाडीची प्लेट हिरवी असते. पांढऱ्या प्लेटवर पैसे घेऊन प्रवासी नेणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विम्याचं काय होईल याचा भरवसा नाही. डोंगरावर गाडी जाते त्या शेवटच्या थांब्यापर्यंत, म्हणजे ‘पाचव्या स्थानका’पर्यंत, सुमारे २,३०० मीटरवर जायचं असेल तर उन्हाळ्यातल्या चढाईच्या हंगामात तिथे जाणाऱ्या सुबारू लाइन या रस्त्यावर बहुतेक खासगी गाड्यांना बंदी असते, तेव्हाही हिरवी प्लेटच लागते.

पुढच्या गोष्टी लेखी घ्या : तास कुठून मोजणार (काही जण गॅरेजपासून मोजतात), टोल आणि पार्किंग भाड्यात धरलंय का, जादा तासाचा दर किती येन, आणि सकाळी क्रम बदलला तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेणारा ड्रायव्हर नको.

जेवणात इथला ‘होतो’ नावाचा पदार्थ घ्या, भोपळा घातलेल्या मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) रश्श्यातले रुंद नूडल्स. शाकाहारी असाल तर मात्र आधी विचारा, कारण भाज्यांच्या ‘होतो’चा रस्साही बहुतेक वेळा माशांच्या अर्कावरच केलेला असतो.

रविवारी संध्याकाळी टोकियोला परतताना चुओ एक्स्प्रेसवेवर कोबोतोके बोगद्यापाशी गाड्यांची रांग लागते, कारण चढावर गाड्या नकळत मंदावतात आणि मागची सगळी रांग तुंबते. एक तर तीनच्या आत परतीला लागा, नाहीतर तळ्याकाठीच जेवून आठनंतर निघा.