कलावंत असल्याचा पुरावा

वडशाजवळच्या खेड्यात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, दिवसभर हेच चालतं. ऐन धानाच्या रोवणीत एक आबाजी आले, पोटऱ्यांपर्यंत चिखल. म्हणाले, "बापू, कलावंताच्या मानधनाचा फारम भरून देजो."

आधारवरचं नाव वाचलं आणि मी उठून उभा राहिलो. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, रात्री नाटकात ज्यांची पदं ऐकायला आम्ही पोरं पोतं अंथरून जागा धरायचो, ते हे! झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम. नाटक सुरू झालं की उजाडेपर्यंत. यांच्या पदाला वन्समोअर ठरलेला. बक्षीस देणाऱ्यांची नावं माइकवर पुकारताना नाटक तिथंच थांबायचं.

"पैसा लय आला, बापू. कोनाले नाई म्हनलो नाई." मग घशाचं ऑपरेशन झालं, शेती विकली. आवाज गेला तसं नाट्यमंडळांचं बोलावणंही बंद. आता दुसऱ्याच्या बांधीत मजुरीनं रोवणी करतात.

योजनेत महिन्याला 5000 रुपये मिळतात. वय 50 च्या वर हवं, कलेत किमान 15 वर्षं हवीत, आणि त्याचा पुरावा हवा. घोडं इथंच अडलं. प्रमाणपत्रं, फोटो सगळं वाळवीनं खाल्लेलं. हँडबिलं तर नाटक झालं की दुसऱ्या सकाळी चुलीत जातात. अख्ख्या पंचक्रोशीनं ऐकलेल्या माणसानं आपण गात होतो हे कागदावर दाखवायचं, याचा मला फार राग आला. नियम आहे, कळतं. तरी आला.

रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "आमच्या पेटीच्या झाकनाले आतून चिकटवलं हाय न एक." त्यांचा मुलगा ती लोखंडी पेटीच सायकलवर घेऊन आला. आतलं गुलाबी हँडबिल कडेनं फाटलेलं, एका डोळ्यावर गंजाचा डाग. पण फोटो त्यांचाच, खाली जाड अक्षरात नाव, 1987 साल, तिकिटाचे दर. मी मोबाइलवर नीट फोटो काढला.

आबाजींनी स्वतःच्या नावाकडे पाहिलंसुद्धा नाही. खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं, ऑर्गनवाल्याच्या नावावर. "याचाबी भरजो. जिता हाय तो. त्याले तर आता दिसतबी नाई."

दोघांचेही अर्ज गेलेत, समितीची बैठक व्हायची आहे. झाडीपट्टीतल्या कुणाच्या घरी पेटीत, कपाटात, भिंतीवर जुनी हँडबिलं असतील तर फेकू नका. आजच फोटो काढून ठेवा आणि त्यावरची बारीक नावंही वाचा. त्यांतला एखादा तुमच्याच गावात असेल.