बोटाच्या टोकावरची तार

नोकरीची पहिली बारा वर्षं मी तारमास्तर होतो. यंत्राच्या कडकट्टातून अक्षरं आपोआप डोक्यात उतरायची. आता 71व्या वर्षी कान जवळजवळ गेलेत. ओठ बघून घरात भागतं, पण पाठीमागून हाक मारली तर कळत नाही. मोर्स, म्हणजे तारेची ती आखूड डॉट आणि लांब डॅशची लिपी, कातडीवर घेता येईल का, हे मला पाहायचंच होतं.

भाच्यानं मोबाइलमधल्या नाण्याएवढ्या दोन मोटरी पट्ट्यानं बांधल्या. एक मनगटावर, दुसरी तिच्यापासून तीन बोटं वर. खालची थरथरली तर डॉट, वरची तर डॅश. आठवडाभर बसलो, काही वेगळं करता येईना. थरथर हातभर पसरायची. मग वाचायला लागलो. अशी जलद कंपनं पॅसिनी कणिका, म्हणजे कातडीतली मज्जातंतूंची सूक्ष्म टोकं, टिपतात. सेकंदाला सुमारे 250 कंपनं असली की त्या सगळ्यात तल्लख असतात, पण कातडीत खोल असल्यानं लांबचं कंपनही त्यांच्यापर्यंत पोचतं. थरथर झाली हे त्या चोख सांगतात, नेमकी कुठे झाली हे नाही. 1972 साली गेलडार्ड आणि शेरिक या संशोधकांनी तर मनगटापासून कोपरापर्यंत मोजक्या तीन जागी झटपट ठोके दिले, आणि लोकांना ते मधल्या रिकाम्या जागीही सशासारखे उड्या मारत गेल्याचे जाणवले!

म्हणजे जागा सोडायची आणि काळ धरायचा. मोर्सचा पायाच तो: डॉटच्या तिप्पट डॅश, दोन अक्षरांमध्ये तीन डॉटांएवढी उसंत. एकच मोटर ठेवली, तर्जनीच्या टोकाखाली. फरक लगेच जाणवला, पण डॉट गळायला लागले.

"मामा, मोटरला वेग घ्यायलाच वेळ लागतो," भाचा म्हणाला. डॉट 120 मिलिसेकंदांचा केला. वेग मिनिटाला दहा शब्दांवर आला, पण अक्षरं सुटी झाली. थंडीत बोटं गार पडली की धार जाते, म्हणून आधी हात शेकून घेतो. सलग बसलं की बोट मंदावतं, तेव्हा मध्ये थांबतो.

तीन महिन्यांनी नातीनं स्वयंपाकघरातून रोमन अक्षरांत 'चहा' पाठवला. पहिल्या 'एच'चे चार डॉट मी तीनच मोजले आणि 'एस' घेतला. दुसरा 'एच' पुरा आला. मी उठून आत गेलो.