कोऱ्या तंतूचा हट्ट

मी परदेशात ज्या प्रयोगशाळेत आलो आहे, तिथे एक नियम आहे आणि तो कुठेही लिहून लावलेला नाही. कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, घातलेल्या प्लास्टिकच्या तंतूचा कोणताही आकडा साप्ताहिक बैठकीत मांडायचा असेल, तर त्याच दिवशी, त्याच नोझलमधून काढलेला आणि तेवढ्याच पटीने ताणलेला, नॅनोट्यूब नसलेला कोरा तंतू शेजारी असलाच पाहिजे. माझी पहिली स्लाइड याच नियमावर अडली. आलेखातला चढ चांगला होता, एरर बार आखूड होते, तरीही प्रश्न आला, "कोरा कुठे आहे?" विचारणारी पीएचडीच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी होती, गाइड नव्हते, आणि खरे सांगायचे तर मला तेच जास्त लागले. आपल्याकडे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी अशा बैठकीत वहीत मान घालून बसतो, हे तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न मात्र बिनतोड होता. आमचे तंतू पीव्हीडीएफ या फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचे असतात. ते ताणून, विद्युतक्षेत्रात ठेवून (यालाच पोलिंग म्हणतात) त्याला दाबल्यावर वीज देणारा, म्हणजे पिझोविद्युत, पदार्थ बनवता येतो, हे जपानी संशोधक कावाई यांनी १९६९ मध्ये दाखवले. वितळवून थंड केलेला पीव्हीडीएफ बहुतांशी अल्फा या स्फटिकरूपात गोठतो आणि त्यात शेजारच्या साखळ्यांचे द्विध्रुव (धन-ऋण भारांच्या जोड्या) एकमेकांना खोडून काढतात. साधारण ८० अंश सेल्सिअसला तोच तंतू चार-पाच पट ताणला की बीटा रूप येते, ज्यात साखळीच्या एका बाजूला सगळे फ्लोरिन आणि दुसऱ्या बाजूला सगळे हायड्रोजन येतात आणि द्विध्रुवांची बेरीज होते. नॅनोट्यूबमुळे हे बीटा रूप वाढते असे सांगणाऱ्या शोधनिबंधांची कमतरता नाही. अडचण अशी की नॅनोट्यूबमुळे वितळलेल्या पॉलिमरची व्हिस्कॉसिटीही (घट्टपणा) वाढते, स्फटिक लवकर धरू लागतात आणि रोलरचा वेग तोच ठेवला तरी तंतूला बसणारा ताण बदलतो. मग एफटीआयआरमध्ये, म्हणजे अवरक्त किरणांच्या चाचणीत, बीटा रूपाची खूण असलेला ८४० सेंमी⁻¹ चा पट्टा उंच झालेला दिसला, तर श्रेय नॅनोट्यूबला द्यायचे की ताणाला? त्यातही ८४० मध्ये गॅमा या आणखी एका स्फटिकरूपाचा वाटा मिसळलेला असतो, म्हणून १२७५ चा पट्टाही तपासावा लागतो.

विद्युत मोजमापात तर हा हट्ट आणखी पटतो. तंतूंची छोटी पट्टी दोन इलेक्ट्रोडमध्ये धरून वर ठोका दिला की ऑसिलोस्कोपवर विद्युतदाबाचे एक टोक उठते, आणि ते पाहून माणूस खूश होतो. पण इलेक्ट्रोड आणि पॉलिमर एकमेकांवर किंचित घासले तरी स्थिरविद्युतेमुळे अगदी तसेच टोक उठते. तारा उलट्या जोडल्या आणि टोक खाली गेले, म्हणजे पिझोविद्युत सिद्ध झाली, असे पुष्कळांना वाटते. घर्षणातून आलेला सिग्नलही तारा बदलल्यावर तसाच उलटतो. खरी कसोटी पोलिंग न केलेल्या तंतूची असते. तोही टोके उठवू लागला, तर आधीचे सगळे आलेख बाजूला ठेवावे लागतात.

या शिस्तीचे मला कौतुक वाटते आणि तिचा रागही येतो. राग अशासाठी की इथे एफटीआयआर जिन्याच्या पलीकडे आहे आणि तंतू काढायचे यंत्र कधीही मोकळे मिळते. ज्या ठिकाणी त्याच यंत्रासाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागते, तिथे प्रत्येक नमुन्यामागे एक जुळा नमुना मागणे म्हणजे निम्मे काम रद्द करणे होय. शिस्त ही बऱ्याच अंशी साधनांची चैन असते, असे माझे मत इथे येऊनही बदललेले नाही.

नॅनोट्यूब पॉलिमरमध्ये नीट पसरवण्याच्या कामात मात्र आपली माणसे कुठेही कमी पडत नाहीत. कोरड्या नॅनोट्यूब न विंचरलेल्या केसांच्या जटेसारख्या एकमेकींना धरून असतात. द्रावकात घालून अल्ट्रासाउंड दिले की जट सुटते. जास्त वेळ दिले की नळ्याच तुटून आखूड होतात आणि प्रोबच्या टोकाचे टायटॅनियम झिजून द्रावणात उतरते. मिश्रणाचा रंग आणि भांड्याच्या तळाशी बसणारा काळा गाळ पाहून कुठे थांबायचे हे ठरवण्याची नजर मी इथे शिकलो नाही, ती घेऊनच आलो. इथे ते काम टायमरवर चालते. कोरडी भुकटी उघड्यावर तोलायची नाही, हा इथला दुसरा नियम मी निमूटपणे मान्य केला, कारण अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेने २०१३ मध्ये हवेतल्या नॅनोट्यूबसाठी सुचवलेली मर्यादा घनमीटरला फक्त १ मायक्रोग्रॅम आहे.

जास्त नॅनोट्यूब म्हणजे जास्त चांगला तंतू, हा समजही इथे लवकर गळून पडतो. नळ्या इतक्या लांबट असतात की वजनाने १ टक्क्याच्या आतही त्यांचे जाळे तंतूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचू शकते. तसे झाले की तंतू वीज वाहू लागतो आणि पोलिंगला लागणारे क्षेत्र, म्हणजे मायक्रोमीटरला ५० व्होल्ट किंवा त्याहून अधिक, त्यावर टिकत नाही. गळती वाढते किंवा ठिणगी पडून तंतू जळतो. जाळे जुळण्याच्या थोडे अलीकडे थांबण्यातच शहाणपण आहे, आणि ती जागा नळ्या किती पसरल्या आहेत यावर ठरत असल्यामुळे दुसऱ्याच्या निबंधातली टक्केवारी उचलून चालत नाही.

माझ्या आधीच्या प्रबंधातही कोरा तंतू होता, फक्त वेगळ्या बॅचचा. ताणण्याचे गुणोत्तर प्रत्येक नमुन्यापुढे लिहिलेले आहे, त्यामुळे ते आकडे आजही पडताळता येतात. मी इथे वाचलेल्या काही चकचकीत निबंधांत तर तेही दिलेले नाही. आता मी चार तंतू सोबत काढतो: नॅनोट्यूबसह आणि नॅनोट्यूबविना, प्रत्येकी पोलिंग केलेला आणि न केलेला. चौथ्याची मागणी कोणी केली नव्हती, ती भर माझी आहे. पोलिंग न केलेल्या नॅनोट्यूब तंतूने सिग्नल दिलाच, तर मी आधी इलेक्ट्रोडची पकड तपासतो आणि मगच नॅनोट्यूबचा विचार करतो.