मीटर शून्य दाखवत होता तेव्हा

गळीत संपलं की आमच्या डिस्टिलरीत दुरुस्तीची कामं निघतात. वाळवा तालुक्यातला उन्हाळा, त्यात स्पेंटवॉशचा, म्हणजे दारू गाळून उरलेल्या सांडपाण्याचा वास; सांगत नाही. बायोगॅसकडच्या बंद टाकीत फिटरला उतरायचं होतं आणि टाकीत उतरायच्या परवानगीच्या कागदावर, म्हणजे परमिटवर, गॅस टेस्टिंगची सही पहिल्यांदाच माझ्यावर आली.

ट्रेनिंगमधलं पाठ होतं. हवेत मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, 5 ते 15 टक्के असला की ठिणगीवर पेटतो. गॅस मोजायचा मीटर त्या 5 टक्क्यांना 100 धरतो, म्हणजे 10 दिसलं तर हवेत अर्धा टक्का. आमचा अलार्म तिथंच वाजतो.

सकाळी टेस्ट गॅस देऊन मीटर तपासला, ठीक होता. मॅनहोल उघडून नळी आत सोडली. आकडा सरसर चढला, अलार्म किंचाळला, आणि मग उतरत उतरत चक्क शून्य.

"गेला की गॅस. उतरू का दादा?" फिटर बूट आवळतच होता. खरं सांगतो, मीही पेन काढलं होतं.

मागून आमच्यातले जाणते मामा म्हणाले, "लेका, आधी ऑक्सिजन बघ की."

ऑक्सिजन 8 टक्के! साध्या हवेत 21 च्या आसपास असतो.

आमच्या जुन्या मीटरचा सेन्सर गॅस स्वतःच्या मण्यावर जाळून मोजतो. जाळायला ऑक्सिजनच नाही तर मोजणार काय? टाकी गॅसनं गच्च होती म्हणूनच शून्य.

मग फ्लेमप्रूफ, म्हणजे आतल्या ठिणगीनं बाहेरचा गॅस पेटू न देणाऱ्या मोटरचा ब्लोअर लावला. आकडा कमी व्हायच्या ऐवजी पुन्हा चढायला लागला. तेव्हा माझे पाय गळाले. मामांनी समजावलं: दाट गॅसमध्ये हवा मिसळताना तो 15 ते 5 च्या पट्ट्यातून जाणारच, खरी भीती आत्ताच. पलीकडच्या शेडमधलं वेल्डिंग त्यांनी आधीच बंद करायला लावलं होतं.

दोन तासांनी वर, मध्ये, तळाशी असं तीन ठिकाणी तपासलं. नळी लांब, म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन-दोन मिनिटं थांबलो. मिथेन हलका, वर राहतो. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जड. तळाला तो 14 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 14 भाग, निघाला, आमची मर्यादा 10. परत ब्लोअर.

सव्वातीनला सही केली. ऑक्सिजन 20.8, बाकी शून्य. फिटर छातीला मीटर लावून उतरला. मॅनहोलपाशी बसून मी दर पाच मिनिटांनी ओरडत होतो, "ऑक्सिजन किती?" चौथ्या वेळेला आतून आवाज आला, "तेवढाच हाय! काम करू द्या की आता!"