नॉर्थ रोनल्डसे: विझवलेलं दीपगृह, पेटलेलं दीपगृह आणि मेंढ्या

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत अगदी उत्तरेच्या टोकाला हे पिटुकलं बेट आहे, शंभर माणसंसुद्धा राहत नाहीत. कर्कवॉलहून विमान जातं, पण विमान कसलं, वडापची जीपच ती, आठ सीट, चढायच्या आधी वजन विचारतात. उतरलो तर वारा असा की टोपी धरू की मोबाईल.

बेट सपाट, त्यामुळे लाईटहाऊस लांबूनच दिसतं. 42 मीटर उंच, लाल विटांचं, अंगावर दोन पांढरे पट्टे. ॲलन स्टीव्हन्सनने 1854 मध्ये बांधलं, ब्रिटनमध्ये जमिनीवरच्या दीपगृहांत हेच सगळ्यात उंच. 176 पायऱ्या. नवरा म्हणाला, "जोतिबा चढणाऱ्यांना काय त्याचं," आणि अर्ध्यात गप्पच झाला.

पण खरं सांगू का, मला जास्त आवडलं ते पलीकडचं जुनं. थॉमस स्मिथचं, 1789 चं, दगडी. तेलाचे दिवे आणि मागे तांब्याचे रिफ्लेक्टर. गंमत म्हणजे हे वीसच वर्षं चाललं, कारण जहाजं शेजारच्या सँडे बेटावर आपटतच राहिली, मग तिथं स्टार्ट पॉइंटला फिरता दिवा लावला आणि 1809 मध्ये हा विझवून टाकला. स्टार्ट पॉइंटच्या बिनदिव्याच्या मनोऱ्यावर आधी एक दगडी गोळा होता, तो उचलून इथं आणला. म्हणजे तिकडे दिवा आणि इकडे धोंडा! तो अजून आहे वर. आणि पुढे 45 वर्षांनी परत इथंच दिवा लागला ना, मग एवढा खटाटोप कशाला केला म्हणते मी.

मेंढ्यांचं सांगायलाच हवं. 1832 मध्ये सगळ्या बेटाभोवती दगडावर दगड रचून, चुना-बिना काही नाही, माणसाएवढी भिंत घातली, मेंढ्या शेतात येऊ नयेत म्हणून. त्या बिचाऱ्या बाहेर किनाऱ्यावरच राहतात आणि समुद्री शेवाळ खातात. ओहोटी लागली की सगळा कळप खडकांवर उतरतो, तोंडातून ओल्या चिखली पट्ट्या लोंबताहेत, आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. विणीच्या वेळेला तेवढं त्यांना आत गवतावर घेतात.

रात्री बर्ड ऑब्झर्व्हेटरीत मुक्काम, जेवायला त्यांचंच मटण. मसाला नावालाही नव्हता, तरी आमच्या कोल्हापूरकराने दुसऱ्यांदा मागून घेतलं, आता याच्यावर अजून काय सांगू.