पहिला नंबर नाही, मग पुरस्कार कशाचा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. लांब पल्ल्याचं अंतर धावणारे, सायकल चालवणारे, पोहणारे अशा सोलापूरकरांचा गौरव करायला आम्ही काही जण दरवर्षी एक संध्याकाळ ठरवतो. पत्रिका द्यायला गेलं की लोक आपुलकीनं बसवतात, चहा देतात, यादीवरून बोट फिरवतात आणि विचारतात, "यातलं पयलं कोण आलंय वो?" कोणीच नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग पुरस्कार कशाचा?

प्रश्न रास्त आहे. खेळात नंबराला किंमत असतेच. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं. सुवर्ण जिंकणारा केनियाचा धावपटू त्याच्या फक्त पाच शतांश सेकंद पुढे होता. तिथं तेवढ्यानं पदकाचा रंग बदलतो आणि तो बदललाच पाहिजे, कारण ते सगळे एकाच कामासाठी आयुष्य वाहून घेतलेले लोक असतात. आमच्या यादीतली माणसं नोकरी, दुकान, शेती, घर सांभाळून हे करतात. त्यांची शर्यत घड्याळाशी असते. ठरलेल्या वेळेच्या आत ठरलेलं अंतर कापलं की झालं, शेजारचा पुढे गेला की मागे राहिला याला तिथं काही अर्थ नसतो.

सायकलच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापायच्या सफरीत, तर नंबर काढायचेच नाहीत असा नियमच आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. हे चारही एकाच हंगामात पूर्ण केले की माणसाला सुपर रँडोनर हा किताब मिळतो. आपल्या हिशेबानं सांगायचं तर २०० म्हणजे विजापूरला जाऊन परत आणि ६०० म्हणजे हैदराबादला जाऊन परत, तेही स्वतःच्या पायांच्या जोरावर, सोबत मदतीची गाडी नसताना. पंक्चर स्वतः काढायचं, झोप कुठं घ्यायची ते स्वतः ठरवायचं. साडेनऊ तासांत २०० करणाऱ्याला आणि तेरा तास पंचवीस मिनिटांत करणाऱ्याला मान्यता एकच मिळते.

दक्षिण आफ्रिकेत १९२१ पासून कॉम्रेड्स नावाची शर्यत होते, नव्वद किलोमीटरच्या आतबाहेरची. जिंकणारा साडेपाच तासांच्या आसपास येतो, पण स्टेडियम भरलेलं राहतं ते बारा तास पूर्ण होईपर्यंत. बारा तास झाले की एक पंच अंतिम रेषेकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो. पाठ यासाठी की कोण एका पावलानं राहिलं हे त्याला दिसू नये. त्या आधीच्या शेवटच्या मिनिटांत जे धडपडत आत येतात, त्यांच्यासाठी लोक घसा फोडून ओरडत असतात. मला नेहमी वाटतं, त्या देशातल्या लोकांना बघायचं कसं ते कळलेलं आहे. आपल्याकडे तेवढं झालं तरी खूप झालं.

आता आमच्या यादीतला एक माणूस सांगतो. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. माग बिघडला की हाक याला. सहाशेची ब्रेव्हे झाल्यावर त्यानं आमच्याकडे कार्ड आणून दिलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवूनही घामानं कडा मऊ पडल्या होत्या. पहिल्या कंट्रोलचा, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणाचा, शिक्का नीट उमटलेला, दुसऱ्याचा अर्धाच. तिसऱ्या ठिकाणी रात्री कोणी नव्हतं, तिथं पुरावा म्हणून एटीएममधून काढलेली स्लिप टाचणीनं लावलेली. त्या स्लिपची शाई उडते हे माहीत असल्यामुळे त्यानं मागं बॉलपेननं वेळ लिहून ठेवलेली, अक्षर थकल्यासारखं तिरकं. हे कार्ड आम्ही सोहळ्यात पडद्यावर मोठं करून दाखवलं. एरवी सत्कार म्हटला की लोक मागं गप्पा मारत असतात. त्या वेळी सगळे पुढं वाकून स्लिपवरची वेळ वाचत होते. रात्रीचे पावणेतीन. हा माणूस त्या वेळी कुठल्याशा फाट्यावर एकटा उभा होता आणि आपण घरी पांघरूण ओढून झोपलो होतो, हे सभागृहात प्रत्येकाला कळलं. मला पुरस्कार म्हणजे एवढंच अभिप्रेत आहे. शहराच्या नजरेआड झालेली गोष्ट शहरासमोर नीट मांडायची.

काही जण म्हणतात, वेळ तरी लावा, ज्याची वेळ कमी तो श्रेष्ठ. धावणाऱ्यांची वेळ पोहणाऱ्याशी कशी ताडणार, हा भाग सोडून द्या. एकाच मॅरेथॉनमध्येसुद्धा ते बरोबर ठरत नाही. ४२.१९५ किलोमीटर धावताना स्नायूंत साठवलेली साखर बहुतेकांची तिसाव्या किलोमीटरच्या पुढं संपत येते, तिथून खरी परीक्षा. त्यात आपलं ऊन. एप्रिल-मेमध्ये इथं पारा बेचाळीसच्या पुढं जातो, पहाटेसुद्धा हवा गार होत नाही. अशा हवेत तासाला लिटरभर घाम सहज जातो. घामाबरोबर मीठ जातं आणि वर नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरून माणूस भोवळ येऊन पडतो, प्रसंगी जिवावर बेततं. म्हणून लिंबू, मीठ, साखर बाटलीत घालूनच निघावं लागतं. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-पंधरा दिवस लागतात. आपल्याकडे उन्हाळाभर सराव करून टिकलेल्या माणसाची वेळ आणि थंड हवेच्या गावात राहणाऱ्याची वेळ एका तक्त्यात मांडणं मला अन्यायाचं वाटतं.

एका आजोबांनी मला विचारलं होतं ते मात्र मनाला लागलं. म्हणाले, "कोजागिरीला आख्खं सोलापूर चालत तुळजापूरला जातं. त्यांना कोण पुरस्कार देतंय?" खरंच आहे. पंचेचाळीस किलोमीटर, मॅरेथॉनहून जास्तच. तळे हिप्परगा मागं पडतं, तामलवाडी येते, रात्रभर माणसांची रांग सरकत असते. त्यात साठीच्या बायका असतात, अनवाणी चालणारे असतात. शेगावहून गजानन महाराजांची पालखी येते ती तर सातशे किलोमीटरहून जास्त चालून पंढरीला पोचते. सहनशक्ती हा काही परदेशातून आलेला प्रकार नाही, ती या मातीत मुरलेली आहे.

पण आजोबांना मी तेव्हा जे म्हटलं तेच इथंही म्हणतो. तुळजापूरच्या वाटेवर चालणाऱ्याला लोक चहा देतात, केळी देतात, पाय चेपून देतात. वारकरी दारात आला की आपण वाकून नमस्कार करतो. त्याचा मान त्याला वाटेतच मिळत असतो. पस्तीस किलोमीटर धावून सकाळी घरी येणाऱ्याला गल्लीत काय मिळतं? "काय वो, कामधंदा नाही का?" बाई असेल तर त्याहून वाईट बोललं जातं. तुळजापूरच्या वाटेवर जे आपण आपसूक करतो, ते या लोकांसाठी वर्षातून एकदा तरी ठरवून करावं, म्हणून ही संध्याकाळ.

बाईवरून सांगायचं राहिलं. विजापूर रोडला अंधारात धावणारी एक परिचारिका आमच्या यादीत होती. रात्रपाळी नसेल त्या दिवशी साडेतीनला उठायची, कणीक मळून ठेवायची आणि निघायची. रस्त्यावर कुत्री, ट्रक आणि एकटी बाई बघून गाडी हळू करणारे. म्हणून नवरा दुचाकीवर तिच्या मागं असायचा, हेडलाइट तिच्या पुढच्या रस्त्यावर पडेल एवढं अंतर ठेवून. धावणाऱ्याच्या वेगानं दुचाकी चालवणं म्हणजे सतत क्लच धरून राहणं. मनगट भरून येतं. ते तिनं नाही सांगितलं, त्याला विचारलं तेव्हा तो बोलला. आम्ही दोघांना एकत्र मंचावर बोलावलं. तो येईना. शेवटी तीच खाली उतरली आणि हाताला धरून घेऊन गेली. तेव्हापासून आमचा आग्रह असतो की सोबत करणाऱ्याचंही नाव पुकारलं जावं, चादर त्यालाही मिळावी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, यावर आमच्यातही वाद होतात. आयर्नमॅन ही मोठीच गोष्ट आहे. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन, बहुतेक ठिकाणी सतरा तासांच्या आत. १९७८ मध्ये हवाईत पहिल्यांदा झाली तेव्हा पंधरा जण उतरले होते, बारा पोचले. जो करतो त्याला माझा नमस्कार. पण सायकल, विमान, प्रवेश फी, राहणं मिळून खर्च लाखांत जातो. ज्याच्याकडे ते आहे त्याचा फोटो पेपरात येतो. ज्याच्याकडे नाही तो जुन्या बुटांत पहाटे धावत राहतो. म्हणून परदेशातली स्पर्धा केली एवढ्यावर आमच्याकडे कोणाचं पारडं जड होत नाही. किती केलं याच्याबरोबर कशातून केलं हेही बघतो, आणि नव्या पोरांना सोबत घेऊन कोण पळतं हे तर आवर्जून बघतो. स्वतःची वेळ सोडून शेवटच्या पोराबरोबर चालत येणारा माणूस मला नेहमीच वरचा वाटत आलाय.

सोहळा म्हणून फार काही नसतो. पाहुण्यांचं भाषण एकच, तेही शेवटी. प्रत्येकाचं नाव, काम, अंतर आणि लागलेला वेळ सावकाश वाचला जातो, घाई करायची नाही हे निवेदकाला आधीच सांगितलेलं असतं. घरच्यांना पहिल्या दोन रांगा. मानचिन्ह साधं, सोबत आपली सोलापुरी चादर. लांबून पळून आलेल्या माणसाच्या अंगावर घालायला तिच्याइतकं योग्य काही मला अजून सुचलेलं नाही.

तर यंदा तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर नाव कळवा. ही माणसं स्वतःहून सांगत नाहीत, शेजाऱ्यानं, मुलीनं, कारखान्यातल्या सोबत्यानं कळवलेलं आम्हाला जास्त बरं वाटतं. फोटोंची गरज नाही. स्पर्धेचं प्रमाणपत्र किंवा ब्रेव्हेचं कार्ड असलं तर त्याची प्रत द्या, नसलं तर अंतर किती आणि वेळ किती एवढं लिहा. सोबतीला कोण असतं तेही लिहा. बाकीचं आम्ही घरी येऊन विचारून घेऊ.