आयफोन १६ की गॅलॅक्सी एस२४: फोन झटक्यात ठरला, घोडं अडलं कंपनीच्या सिमवर

दोन फोनांमध्ये घोळत असाल तर कॅमेरा, बॅटरी, स्क्रीन हे सगळं बघण्याआधी एक गोष्ट बघा: तुमच्याकडे सिम किती आहेत आणि ती कोणाच्या नावावर आहेत? मला हे ना दुकानात कोणी विचारलं, ना ऑफिसात. ऐन फळछाटणीनंतरच्या (द्राक्षाला घड यावेत म्हणून ऑक्टोबरच्या सुमारास करतात ती छाटणी) धावपळीत माझा कामाचा नंबर लटकला. अजून मोबाइल कंपनीच्या त्या गॅलरीसमोरून, म्हणजे त्यांच्या दुकानासमोरून, गाडी गेली की डोकं तापतं.

मी द्राक्षबागांवर काम करते. खतं-औषधांच्या एका कंपनीची सल्लागार म्हणून निफाड, दिंडोरीकडच्या बागा बघते. पानांचे, घडांचे फोटो काढायचे, रिपोर्ट पाठवायचा आणि दिवसभर शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे. नंबर कंपनीने दिलेला, फोन मात्र स्वतःच्या पैशाने घेतलेला. घरचा नंबर वेगळा. त्यावर बँक, गॅस, मुलीच्या शाळेचे निरोप. जुना अँड्रॉइड दोन्ही सिम सांभाळायचा, पण ऑक्टोबरच्या उन्हात तापून बंद पडायला लागला होता.

शेवटी आयफोन १६ आणि सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२४ हे दोनच उरले. दुकानात जाताना मी डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, आलेली द्राक्षाची पानं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेली होती. कोरडी नेली तर वाटेतच मलूल होतात. डाऊनीचा डाग वरून तेलकट, पिवळसर दिसतो, पण खरी खूण पानाच्या खालच्या बाजूला, कापसासारखी पांढरी बुरशी. ती सुरुवातीला इतकी बारीक असते की फोटोत नुसता पांढरा ठिपका उमटतो आणि ऑफिसात बसलेला माणूस म्हणतो, औषधाचा डाग असेल. आयफोन पानाला अगदी दोन-तीन सेंटिमीटरवर नेला तशी स्क्रीनवर फुलाची छोटी खूण आली, आणि फोटोत बुरशीचे तंतू सुटे सुटे दिसले. हा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची सोय, आधी फक्त प्रो फोनांत होता, साध्या आयफोनमध्ये तो १६ पासून आला. एस२४ इतक्या जवळून तसा फोटो देईना. पण त्याची तिप्पट झूमची लेन्स मांडवावरचा घड खालूनच सुरेख टिपते, हे मान्य करायलाच हवं. दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघितलं, दोन्हींची स्क्रीन नीट वाचता येत होती.

मला पानं जास्त बघायची असतात, त्यामुळे आयफोन ठरला. निवड बरोबरच होती. त्या आठवड्यात एका बागेत पोंग्यातच, म्हणजे कोवळी फूट निघत असतानाच, डाऊनी पकडली ती याच फोनच्या फोटोवरून, आणि त्या काकांची पुढची फवारणी वेळेत झाली. या गोष्टीचा मला अभिमान आहे.

आता सिम. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोन १६ मध्ये प्लास्टिकचं सिम एकच बसतं. दुसरा नंबर ई-सिम करावा लागतो, म्हणजे वेगळं कार्ड नाही, कंपनीने दिलेला क्यूआर कोड स्कॅन करून नंबर फोनमध्येच चालू करायचा. एस२४ मध्ये दोन सिम सरळ बसतात आणि वर ई-सिमचीही सोय आहे. घरचं सिम मी प्लास्टिकचंच ठेवलं, कारण बँक त्यावर आहे. फोन फुटला तर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की काम सुरू. ई-सिमचं तसं नाही. तेव्हा कंपनीचा नंबर ई-सिम करायचा, असं ठरवून गॅलरीत गेले.

काउंटरवरच्या मुलाने नंबर टाकला, स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "मॅडम, हे कॉर्पोरेट आहे, इथून होणार नाही." मी म्हटलं, नंबर माझ्याकडे आहे, आधार माझ्याकडे आहे, केवायसी माझी झालेली आहे. २०२३ मध्ये नियम बदलले तेव्हापासून व्यवसायाच्या कनेक्शनवर वापरणाऱ्या प्रत्येकाची केवायसी घेतात. म्हणजे हा नंबर कोण वापरतं ते त्यांना ठाऊक आहे. तरी उत्तर तेच: कंपनीच्या अधिकृत सही करणाऱ्याकडून विनंती यायला हवी.

एचआरला फोन केला. ते म्हणाले, हे अ‍ॅडमिन बघतं. अ‍ॅडमिन पुण्यात. तिथले साहेब म्हणाले, लेटरहेडवर पत्र देतो. पत्र घेऊन परत गॅलरीत, तर तिथे म्हणाले की पत्र चालत नाही, नोंदवलेल्या ई-मेलवरून मेल हवा, आणि त्यात ईआयडी हवा. ईआयडी म्हणजे फोनमधल्या ई-सिमचा ३२ अंकी क्रमांक. डायल पॅडवर *#०६# दाबलं की आयएमईआयबरोबर, म्हणजे फोनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाबरोबर, तोही दिसतो. काउंटरवरचा मुलगा ते ३२ अंक बॉलपेनने कागदावर उतरवून घेत होता, मध्येच फोन वाजला की बोट कुठे होतं ते विसरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मी स्क्रीनशॉट पाठवते म्हटलं तर म्हणाला, आम्हाला परवानगी नाही. त्या कागदावर एक अंक चुकला आणि विनंती परत आली. कोणता चुकला हे सांगायला कोणी तयार नाही, फक्त "रिजेक्टेड".

तुम्ही मात्र ईआयडी हाताने लिहू देऊ नका. कॉपी करून स्वतःच अ‍ॅडमिनला पाठवा, आणि मेल त्यांच्याकडून थेट जाऊ द्या.

मग क्यूआर कोड निघाला, तोही माझ्याकडे नाही. नोंदवलेल्या मेलवर, म्हणजे पुण्याला. साहेब मीटिंगमध्ये. त्यांनी संध्याकाळी पाठवला तोवर त्याची मुदत संपलेली. पुन्हा विनंती, पुन्हा वाट. या सगळ्यात पाऊस लागून राहिलेला, छाटून झालेल्या बागा पोंग्यात, प्रत्येकाला विचारायचं की आज फवारू की उद्या. जुन्या फोनमध्ये सिम चालू होतं म्हणून निभावलं. जुना फोन एक्स्चेंजमध्ये द्यायची घाई करू नका, दुकानदार कितीही सूट दाखवो.

शेवटी कोड वेळेत आला, स्कॅन झाला, जुनं सिम बंद पडलं आणि नव्या फोनवर रेंज आली. मी सुटकेचा श्वास सोडला, पण व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा ओटीपी येईना. सिम बदललं की पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. कोणी तुमच्या नावाने सिम काढून खातं रिकामं करू नये म्हणून हा नियम आहे, तो योग्यच आहे. पण हे कोड देताना एका ओळीत सांगायला काय जातं? कॉल चालू असतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ओटीपी कॉलवर मागवायचा पर्याय आहे, तो घेतला आणि काम झालं. घरचा नंबर ई-सिम केला असता तर बँकेचे ओटीपीही दिवसभर बंद राहिले असते.

याच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. अँड्रॉइडवरून आयफोनवर येताना व्हॉट्सअ‍ॅपचा गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप उपयोगाचा नाही. 'मूव्ह टू आयओएस' अ‍ॅपने चॅट न्यावे लागतात, आणि ते आयफोन कोरा असताना, सेटअप चालू असतानाच. शेतकऱ्यांनी पाठवलेले जुने फोटो मला तसेच मिळाले. कॉल रेकॉर्डिंगची सवय असेल तर तेही बघून घ्या. आयफोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं की समोरच्यालाही तशी सूचना ऐकू येते. सॅमसंगवर ते गुपचूप होतं. मला सूचना दिलेलीच बरी वाटते, पण आमच्या वसुलीच्या टीमला ते चालणार नाही.

रागाच्या भरात कोणी घरचा नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा म्हणेल, तर सिम बदलल्यावर ७ दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून तसा नियम आहे.

थोडक्यात, दोन्ही सिम प्लास्टिकची असतील, त्यातलं एक कंपनीचं असेल आणि अ‍ॅडमिन दुसऱ्या शहरात असेल, तर एस२४ घ्या आणि त्याच दिवशी कामाला लागा. पानं जवळून टिपायची असतील तर आयफोन घ्या, पण पैसे भरायच्या आधी अ‍ॅडमिनला विचारा की मेल कोण पाठवणार आणि क्यूआर कोड किती वेळात तुमच्याकडे येणार. मी आता आमच्या टीमसाठी त्या मेलचा मसुदाच करून ठेवला आहे: नंबर, वापरणाऱ्याचं नाव, ईआयडी, आयएमईआय, आणि कोड कोणाला पुढे पाठवायचा ते. परवा सिन्नरच्या सहकाऱ्याने तो जसाच्या तसा पाठवला.

आणि फोन ओळखीच्या दुकानातून घेत असलात तरी बिल फाडायच्या आधी खोक्यावरचा आयएमईआय तपासा. इंग्रजीत KYM लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करायचा, फोनचं मॉडेल उत्तरात येतं.